एकट्याचें काम आणि पांचांचें काम

शाळेचें दुसरें सत्र अर्ध्यावर आलें कीं शहरांतील पुष्कळ घरांतून एकाच प्रकारचें संभाषण ऐकूं येतें. प्रकल्पाची वही सोमवारीं द्यावयाची असते. गटांत पांच मुलें असतात. त्यांपैकीं एक आजारी पडलेला असतो, एक मामाच्या गांवीं गेलेला असतो, एकाला "तूं फक्त चित्रें चिकटव" असें सांगितलेलें असतें, एकीच्या वांट्याला अक्षर सुंदर म्हणून शीर्षकें काढण्याचें काम आलेलें असतें, आणि उरलेली पांचवी मुलगी रात्रीं अकरा वाजेपर्यंत जागून सर्वांच्या वांट्याचें लिहीत बसलेली असते. तिची आई कळवळून म्हणते, "गुण सगळ्यांना सारखेच मिळायचे, मग तूं एकटीच कां एवढी राबतेस?" त्याच वेळीं शीर्षकें काढणाऱ्या मुलीचे वडील तिला विचारतात, "अगं, पण प्रकल्प आहे तरी कशावर?" आणि तिला तें नीट सांगतां येत नाहीं. पहिल्या घरांत अन्याय झाल्याची भावना असते. दुसऱ्या घरांत कांहीं बिघडलें आहे याची जाणीवहि नसते. वास्तविक दोन्ही घरांतील हानि एकाच जातीची आहे. एकीला भार मिळाला, पण सोबत मिळाली नाहीं. दुसरीला सोबत मिळाली, पण काम मिळालें नाहीं.

अशा प्रसंगीं पालकांचें मत बहुधा ठरलेलें असतें. प्रत्येक मुलाला आपापला प्रकल्प एकट्यानें करूं द्यावा, म्हणजे ज्याचें श्रेय त्याला मिळेल. शिक्षकांचें उत्तरहि ठरलेलें असतें. पुढें जगांत चार माणसांबरोबरच काम करावयाचें आहे. तेव्हां ती संवय आतांपासूनच लागली पाहिजे. मराठी भाषेनें या दोन्ही पक्षांना पूर्वींच आश्रय देऊन ठेवला आहे. 'गांव करी तें राव न करी' असें ती म्हणते, आणि 'सात सुगरणी, भाजी अळणी' असेंहि तीच म्हणते. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कोणती म्हण केव्हां खरी ठरते, एवढेंच पाहावयाचें राहतें. आणि तें पाहण्यास केवळ तर्काचा नव्हे, तर शंभराहून अधिक वर्षांच्या प्रयोगांचा आधार उपलब्ध आहे.

प्रथम प्रकल्प या कल्पनेचें मूळ पाहूं गेल्यास, कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक विल्यम हर्ड किल्पॅट्रिक यांनीं १९१८ सालीं प्रकल्पपद्धतीवर लिहिलेला निबंध समोर येतो. जॉन ड्यूई यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मुलानें मनापासून हेतु धरून आणि सामाजिक वातावरणांत राहून केलेली कृति, हा किल्पॅट्रिक यांच्या मतें शिक्षणाचा गाभा होय. या व्याख्येंत दोन अटी दडलेल्या आहेत. हेतु मुलाचा स्वतःचा असला पाहिजे, ही पहिली. आणि काम माणसांच्या सहवासांत घडलें पाहिजे, ही दुसरी. पालक पहिल्या अटीचा कैवार घेतात, शिक्षक दुसरीचा. मूळ कल्पनेंत मात्र या दोन्ही एकमेकींना धरून होत्या.

भारतांतहि हा विचार नवा नाहीं. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९९३ सालीं केंद्र सरकारला जो अहवाल सादर केला, त्यांत शालेय स्पर्धा व प्रदर्शनें यांविषयीं एक स्पष्ट सूचना होती. व्यक्तिगत चढाओढ आणि व्यक्तिगत बक्षिसें यांना उत्तेजन न देतां गटानें केलेल्या कामाला व गटाच्या यशाला उत्तेजन द्यावें, म्हणजे सहकारानें शिकण्याची वृत्ति वाढेल, असा तिचा आशय होता. पुढें महाराष्ट्रांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति आली, तेव्हां प्रकल्प हें आकारिक मूल्यमापनाचें एक साधन म्हणून मान्य झालें. सूचना उदात्त होती. अंमलबजावणी मात्र अनेक ठिकाणीं सोप्या बाजूनें झाली. हजेरीपटावरील क्रमानें पांच पांच मुलें तोडावीं, त्यांना एक विषय द्यावा, एक वही घ्यावी आणि एकच गुण पांचांच्या नांवापुढें मांडावा, एवढ्यालाच सहकार म्हणण्याची रीत पडली. पांच मुलें एकत्र बसविलीं म्हणजे तीं एकत्र काम करतात, हें गृहीतच धरलें गेलें.

या गृहीताची परीक्षा एका दोरीनें घेतलेली आहे. मॅक्स रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच कृषि-अभियंत्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मापला आणि १९१३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका माणसाचा जोर १०० धरला, तर आठ माणसांचा ८०० व्हावा असा साधा हिशेब. परंतु त्यांच्या कोष्टकाप्रमाणें दोघांनीं मिळून ओढतांना प्रत्येकाचा जोर सरासरीनें ९३ वर आला, चौघांत तो ७७ झाला आणि आठजणांत ४९ उरला. म्हणजे आठ माणसें मिळून चार माणसांइतकेंहि काम करीत नव्हतीं!

हा जोर कोठें गेला? याचीं दोन उत्तरें संभवतात. एक असें कीं, आठजणांची ओढ एकाच क्षणीं, एकाच दिशेनें पडत नाहीं. जोर लावला जातो, पण तो वायां जातो. दुसरें उत्तर कमी सुखावह आहे: जोर मुळीं लावलाच जात नाहीं. १९७४ सालीं ॲलन इंगहॅम आणि त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न युक्तीनें सोडविला. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याचे डोळे बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाशीं उभें केलें. मागें आणखी माणसें ओढीत आहेत असें त्याला भासविलें. प्रत्यक्षांत तो एकटाच ओढीत होता. तरीहि त्याचा जोर कमी झाला. पुढें १९७९ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथें बिब लताने व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं दोराऐवजीं आवाज घेतला. आपल्याबरोबर आणखी पांचजण ओरडत आहेत अशी नुसती समजूत करून दिली, तरी माणसाचा आवाज एकट्यानें काढलेल्या आवाजाच्या ७४ टक्क्यांवर उतरला. एकत्र ओरडण्यांत समन्वय साधण्याचा प्रश्न येथें नव्हताच. कारण ओरडणारा खरोखर एकच होता.

येथपर्यंत ऐकून रात्रीं जागणाऱ्या मुलीची आई म्हणेल कीं हें तर तिला आधींच ठाऊक होतें. आयत्या बिळावर नागोबा बसावयाचाच! परंतु याच संशोधकांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेला पुढचा प्रयोग या कथेला निराळें वळण देतो. गटांत असतांनाहि प्रत्येकाचा आवाज वेगळा मापला जाणार आहे असें जेव्हां माणसांना सांगितलें, तेव्हां हा आळस दिसेनासा झाला. उलट, एकट्यानें ओरडतांनाहि आपला आवाज इतरांच्या बेरजेंत मिसळला जाणार आहे असें वाटलें, तेव्हां माणसें एकटीं असूनहि ढिलाईनें ओरडलीं. यावरून निघणारा बोध अत्यंत महत्त्वाचा आहे. कामचुकारपणा माणसांच्या संख्येंत नसतो. तो वांटा दिसेनासा होण्यांत असतो. मामाच्या गांवीं गेलेला मुलगा स्वभावानें आळशी असेलच असें नाहीं. त्याच्या असण्यानें किंवा नसण्यानें वहींत कांहींच फरक पडणार नाहीं, हें व्यवस्थेनेंच त्याला शिकविलें आहे.

मग प्रत्येकाला वेगळा प्रकल्प द्यावा हा उपाय पुरेसा आहे काय? येथें घरांतील दिव्याखालीं थोडें पाहणें इष्ट ठरेल. एकट्या मुलाचा म्हणून जो प्रकल्प शाळेंत दाखल होतो, तो पुष्कळदां मुळीं एकट्याचा नसतो. त्यांत वडिलांनीं इंटरनेटवरून उतरविलेला मजकूर असतो, ताईनें कापलेला थर्माकोल असतो, आईनें केलेली मांडणी असते, आणि वेळ अगदींच कमी असला तर कोपऱ्यावरच्या दुकानांतून विकत आणलेली तयार प्रतिकृतीहि असते. हाहि गटच, मात्र तो निवडण्याचा अधिकार शाळेला नाहीं आणि तो प्रत्येक मुलाला मिळतहि नाहीं. ज्याच्या घरीं शिकलेलीं माणसें आहेत, त्याचा गट बलवान. ज्याची आई दिवसभर परक्यांच्या घरीं भांडीं घासून येते, तो मात्र खरोखरीच एकटा. असे दोन प्रकल्प शेजारीं ठेवून गुण देणें हा न्यायाचा देखावा होय.

शिवाय कांहीं कामें अशीं असतात कीं तीं चार डोक्यांनीं खरोखरच अधिक चांगलीं होतात. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक लॉफलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा अक्षरांना दहा अंक गुप्तपणें नेमून दिलेले, आणि अक्षरांचीं समीकरणें मांडून कोणतें अक्षर कोणता अंक तें शोधावयाचें, असें तें कोडें होतें. तिघांच्या गटांनीं, एकेकट्यानें बसलेल्या तिघांतील सर्वांत हुशार माणसालाहि मागें टाकलें. म्हणजे गट म्हणजे केवळ हुशार मुलाच्या पाठीवर बसलेले इतर, असें नव्हे. एकाची चूक दुसऱ्यानें धरली, एकाची युक्ति दुसऱ्यानें पुढें नेली, आणि एकट्याला न सुटणारें सुटलें. याच प्रयोगांत दोघांचे गट दोघांतील हुशार माणसाच्या बरोबरीचेच राहिले. आणि तिघांच्या, चौघांच्या व पांचांच्या गटांत फारसा फरक आढळला नाहीं. तिघांनीं जें साधतें त्यासाठीं पांचांना बसविण्याची गरज नसते, ही गोष्ट गट पाडणाऱ्या शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु एकत्र बसण्यालाहि आपला काळ असतो. न्यूयॉर्क येथील जाहिरातव्यवसायांतील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनीं १९५३ सालच्या आपल्या पुस्तकांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, माणूस एकट्यापेक्षां गटांत दुप्पट कल्पना काढूं शकतो. येल विद्यापीठांत १९५८ सालीं हें विधान तपासून पाहिलें, तेव्हां उलटेंच आढळलें. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षां, वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या असतां त्या पुष्कळच अधिक भरल्या. त्याचें एक मोठें कारण १९८७ सालीं जर्मनींतील दोन संशोधकांनीं दाखवून दिलें, आणि तें अगदीं साधें आहे. एक बोलत असतां बाकीच्यांना थांबावें लागतें. आणि थांबतां थांबतां मनांत आलेलें विरून जातें. वर्गांतील बोलका मुलगा पहिल्या मिनिटांत विषय सुचवितो, आणि भिडस्त मुलीच्या मनांतील त्याहून चांगला विषय तिच्या मनांतच राहतो, याचें रहस्य येथें आहे.

मोठ्यांच्या ज्ञानव्यवहारांतहि याहून निराळें घडत नाहीं. १९२४ सालीं ढाका येथील सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशाच्या कणांच्या गणनेविषयीं एक छोटासा निबंध एकट्यानें लिहिला आणि तो आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनीं स्वतः त्याचें जर्मन भाषांतर करून तो छापविला. त्या निबंधांतून जन्मलेल्या सिद्धांतावरून कणांच्या एका संपूर्ण वर्गाला 'बोसॉन' हें नांव मिळालें. याच वर्गांतील हिग्ज बोसॉन हा कण सांपडल्याची घोषणा २०१२ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत झाली, तेव्हां ती दोन प्रचंड संशोधकसंघांची होती. त्या कणाच्या वस्तुमानाविषयीं दोन्ही संघांनीं मिळून २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधावर ५,१५४ लेखकांचीं नांवें आहेत. कल्पना एका मनांत उगवली. तिला ओळखणारें दुसरें मन लागलें. आणि तिच्या एका शाखेचा पडताळा घेण्यास हजारों हात लागले. यांपैकीं कोणतेंहि एक पाऊल गाळून चालण्यासारखें नव्हतें.

तेव्हां एकटें कीं एकत्र, हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. खरा प्रश्न असा कीं कोणती पायरी एकट्यानें चढावयाची आणि कोणती एकत्र. आणि एकत्र चढतांना प्रत्येकाचें पाऊल दिसेल कसें?

या दुसऱ्या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांतील ऑस्टिन शहरांत १९७१ सालीं सांपडलें. तेथील शाळांत गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गांत बसविलें होतें, आणि वर्गांत वैर माजलें होतें. मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनीं मुलांचे पांचसहा जणांचे गट पाडले आणि धड्याचे तितकेच तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र प्रत्येकाची संपूर्ण धड्यावर, आणि स्वतंत्र. शेजाऱ्याजवळचा तुकडा मिळविण्याचा एकच मार्ग होता: त्याचें ऐकून घेणें. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची हकीकत अरॉन्सन यांनीं सांगितली आहे. प्रथम त्याच्या गटांतील मुलें त्याची टिंगल करीत. परंतु त्याच्याजवळचा भाग दुसऱ्या कोणाजवळच नाहीं आणि तो परीक्षेंत येणार आहे, हें उमगतांच तीं त्याला प्रश्न विचारूं लागलीं, त्याला धीर देऊं लागलीं. आणि हा मुलगा आपण समजत होतों त्याहून पुष्कळ हुशार आहे, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें. सहकाराचा उपदेश कोणीं केला नव्हता. कामाची रचनाच अशी होती कीं प्रत्येकजण प्रत्येकाला हवा होता.

हीच रचना शाळेंतील साध्या प्रकल्पांत कशी उतरवितां येईल, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. 'घरांतील पाण्याचा वापर' हा विषय घ्यावा आणि तीन मुलांचा गट करावा: एक चाळींत राहणारा, जेथें नळाला ठराविक वेळींच पाणी येतें, एक मोठ्या इमारतींत राहणारी, जेथें गच्चीवरच्या टाकींतून दिवसभर पाणी मिळतें, आणि एक अशा वस्तींतील, जेथें टँकरची वाट पाहावी लागते. पहिल्या दिवशीं कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं. प्रत्येकानें या विषयांत आपल्याला काय जाणून घ्यावयाचें आहे, तें वेगळ्या कागदावर लिहावें. दुसऱ्या दिवशीं तिन्ही कागद शेजारीं ठेवून एक प्रश्न निवडावा. नंतर सात दिवस प्रत्येकानें आपल्या घरीं बादल्या मोजून, आपल्या हस्ताक्षरांत, तारखेवार नोंद ठेवावी. मग पुन्हां एकत्र बसून दरमाणशीं दररोज किती लिटर पाणी लागलें याचें एक कोष्टक करावें आणि एकमेकांचे हिशेब तपासावे. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखतांना भारतांत दरमाणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरण्यांत येतें. त्याच्याशीं तीन घरांची तुलना करावी. आणि शेवटचा निष्कर्ष पुन्हां प्रत्येकानें एकट्यानें लिहावा.

अशा प्रकल्पांत चाळींतील मुलाची नोंद इमारतींतील मुलगी घरीं बसून बनवूं शकत नाहीं, आणि तिची नोंद तिचे वडील इंटरनेटवरून उतरवूं शकत नाहींत. कोणी गैरहजर राहिला तर कोष्टकांत एक रकाना रिकामा दिसतो. येथें कोणी कोणावर ओझें होत नाहीं. गुण देतांनाहि शिक्षकांनीं स्वतःच्या नोंदवहीसाठीं व निष्कर्षासाठीं वेगळे आणि कोष्टकासाठीं सामायिक असे गुण द्यावे. आणि तोंडी विचारतांना ज्याचा जो भाग नव्हे तोच त्याला विचारावा. मग इतरांचें ऐकून घेणें हें सौजन्य न राहतां गरज होते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणें अवश्य आहे. गटांत कामें वांटलीं जातात तेव्हां तीं बहुधा सर्वांत सोप्या उतारावरून वाहतात. ज्याला बोलतां येतें तो बोलतो, ज्याला हिशेब येतो तो हिशेब करतो, मुलगे उपकरणें हाताळतात आणि मुलींना नोंदी सुवाच्य अक्षरांत उतरविण्यास बसविण्यांत येतें. काम लवकर होतें, वही सुरेख दिसते, आणि जो जें आधींपासून जाणत होता तेवढेंच जाणून घरीं जातो. कारखान्यांत हा श्रमविभाग योग्य असेल; तेथें वस्तु तयार व्हावयाची असते. शाळेंत मुलें तयार व्हावयाचीं असतात. म्हणून दर प्रकल्पांत कामें फिरविलीं पाहिजेत. अक्षर वाईट असणाऱ्यानें एकदां लिहावें आणि अक्षर सुंदर असणारीनें एकदां मापावें, भले वही थोडी कमी देखणी दिसो.

पालकांचा वांटाहि यांत आहे, आणि तो मुख्यत्वें हात आवरण्याचा आहे. मुलगी रात्रीं सर्वांचें लिहीत बसली असेल, तर तिला तें लिहूं न देतां, सकाळीं शिक्षकांना "कोणाचा भाग कोणता?" असें विचारण्यास सांगणें हें तिचें अधिक हित करणें होय. जी मुलगी सर्वांचें काम ओढते, तिच्यावर नुसता अन्यायच होतो असें नाहीं. दुसऱ्यावर भरंवसा ठेवण्याचें शिक्षण तिला मिळत नाहीं. आणि आपलें मूल मागें राहिलें असेल, तर "तुझ्या गटाला किती गुण मिळाले?" याऐवजीं "तुझ्यावांचून त्यांचें काय अडलें असतें?" हा प्रश्न घरांत विचारला जावा. त्याचें उत्तर मुलाजवळ नसेल, तर दोष मुलाचा नव्हे. कामाच्या वांटणीचा आहे.

या भूमीला हा विचार परका नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना आखली. त्या शिक्षणांत सूतकताईला मोठें स्थान होतें. ती योजना पुढें कितपत टिकली, हा प्रश्न वेगळा. पण टकळी हें साधन या वादाच्या संदर्भांत आठवण्यासारखें आहे. ती एका वेळीं एकाच्याच हातांत फिरते. धागा जाड निघाला, तुटला किंवा एकसारखा आला, तर तो कोणाचा तें लपत नाहीं. परंतु एका टकळीवरच्या सुतानें अंग झांकत नाहीं. त्यासाठीं पुष्कळांचें सूत एका मागावर यावें लागतें. सूत ज्याचें त्याचें आणि कापड सर्वांचें, अशी शाळेंतील कामाची घडण झाली, तर एकट्यानें कीं गटानें हा वाद घरांतून आपोआप मावळेल.